'चालते' म्हणायची बंदी

गावात मला अजूनही 'इमानवाला' म्हणतात. हिंगणघाटपासून बारा-पंधरा किलोमीटर आत आमचं गाव, तिथं विमान म्हणजे आभाळातली पांढरी रेघ, आणि ती रेघ दुरुस्त करणारा माणूस म्हणजे मी असा सगळ्यांचा समज. त्यामुळे दिवाळीत गेलो की कोणी ना कोणी मिक्सर घेऊन येतोच. "तुले तं इमान येते, हे काय मोठं हाय." मिक्सर मला खरंच येत नाही, पण हे सांगितलं की लोकांना वाटतं पोट्टा शहाणा झाला, आता गावचं काम करत नाही.

दुसरा ठरलेला प्रश्न म्हणजे, इमानाचा एक पार्ट किती कोटीचा असते बे? आता काय सांगू. मी जी विमानं केली ती मोठी नव्हती, सेसना १५२, दोन माणसं बसतात, इंजिन ११० हॉर्सपॉवरचं, पेट्रोल-माणसं सगळं धरून जास्तीत जास्त ७५७ किलो, म्हणजे जवळपास एका रिकाम्या अल्टोएवढं. त्याच्या पुढच्या चाकात ३० पौंड हवा आणि मागच्या दोन चाकांत २१-२१, गावातल्या बुलेटवाल्याला हे सांगितलं तर तो हसायला लागला. आणि माझ्या एवढ्या वर्षांतलं निम्मं काम वायसर, ग्रीस, रबराची पट्टी, सुती चिंधी आणि ड्रिलच्या एका भोकाचं होतं. कोटी वगैरे काही नाही बावा.

ही विमानं बनली १९७७ ते १९८५ या काळात. म्हणजे सगळ्यात तरुण सेसना १५२ आज चाळिशीची. त्यात ती शिकाऊ पोरांच्या हाती, रोज वीस वेळा आपटायची, आणि उभी राहायची विदर्भाच्या उन्हात. घासणार नाही तर काय होईल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. अमेरिकेत पायलटचं लायसन असलेला मालक स्वतःच्या विमानाची काही बारीकसारीक कामं स्वतः करू शकतो, तिथल्या नियमात यादीच आहे, टायर बदलणं, प्लग साफ करणं, नट सुटू नये म्हणून लॉकवायर बांधणं, साइडची काच बदलणं, सीटचं कापड वगैरे. आमच्याकडे तसं नव्हतं. तिथं हात कोणाचेही असोत, सही लायसनवाल्या इंजिनियरची लागायची. ती सही काकाजींची होती. खरं नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. आम्ही सगळे काकाजीच म्हणायचो, मी हेल्पर म्हणून लागलो तेव्हा त्यांची तिसेक वर्षं हँगरात, म्हणजे विमानांच्या शेडमध्ये, गेली होती.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एक शब्द बोलायची बंदी केली. झालं असं की त्यांनी एक नट हातात दिला, नायलॉनची रिंग असलेला, आणि विचारलं, कसा आहे? मी बोटांनी बोल्टवर फिरवून पाहिला, सुरकन गेला, म्हटलं चालते. आता 'चालते' हा आपल्या विदर्भाचा राष्ट्रीय शब्द आहे, चहात साखर कमी पडली तरी चालते आणि पावसानं पंधरा दिवस दडी मारली तरी चालते. काकाजींनी तो नट माझ्या हातून घेतला आणि भंगाराच्या डब्यात टाकला. बोटानं फिरते म्हणजे नायलॉनची पकड गेली, हादऱ्यानं हा नट आपोआप सुटणार. मग म्हणाले, "हँगरात 'चालते' नाही म्हणाचं. माप काय, ते सांगाचं." बास. पुढची अकरा वर्षं मी तो शब्द गेटच्या बाहेर सायकलीजवळ ठेवून आत जात होतो.

सगळ्यात जास्त कटकट पुढच्या चाकाची. लँडिंग झालं, स्पीड कमी व्हायला लागली की पुढचं चाक थडथडायचं, इतकं की पोरांच्या हातातलं स्टेअरिंग आणि समोरचे काटे सगळे एकत्र नाचायचे. याला शिमी म्हणतात. नवीन पोरं घाबरून यायची, काकाजी, काहीतरी तुटलं. बहुतेक वेळा तुटलेलं काहीच नसायचं, घासलेलं असायचं. चाकाचा खालचा नळा वरच्या नळ्यात फिरू नये म्हणून मध्ये कात्रीसारखी दोन पाती असतात, तिच्या सांध्यांत बुश, म्हणजे बारीक नळकांडी, ते बुश केसभर घासले की चाकाला डुलायला जागा मिळते. आणि ते डुलणं जिरवायला एक छोटा डँपर असतो, आत लाल हायड्रॉलिक तेल, ते कमी झालं किंवा त्याची रबरी ओ-रिंग गेली की थडथड सुरू. नाहीतर मग टायर एका बाजूनं जास्त घासलेला.

हे तपासायला मशीन लागत नाही. शेपटीकडचा भाग खाली दाबायचा, म्हणजे धडाला दाबायचं, आडव्या पंखाला नाही, तो वाकतो. रेतीच्या पिशव्यांनी तसाच धरून ठेवायचा, की पुढचं चाक जमिनीपासून उचललं जातं. मग चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवी हलवायचं आणि दुसऱ्यानं कात्रीच्या सांध्यावर बोट ठेवायचं. कुठला बुश ढिला आहे ते बोटाला कळतं. मग तो सांधा खोलून मायक्रोमीटरनं माप, पुस्तकातल्या मापाशी जुळवायचं, बुश नवीन, लागेल तिथं पातळ वायसर, डँपरमध्ये तेल, ग्रीस. अर्ध्या दिवसाचं काम, खर्च म्हणाल तर बंडीच्या बैलजोडीला नवीन वेसण-मोरकी घेण्याएवढा. पण बुशकडे सहा महिने दुर्लक्ष केलं की थडथडीनं वरच्या फ्रेमचे रिबेट हलतात, आणि मग खरंच लाखाच्या गोष्टी सुरू होतात.

एकदा ते लाल तेल संपलं होतं, ब्रेकमध्येही तेच लागतं. मी सहज बोललो, गाडीचं ब्रेक ऑइल आणू का कोपऱ्यावरून? काकाजी माझ्याकडे असे पाहत राहिले की जणू मी त्यांच्या नातवाला विष पाजायचं म्हणालो. गाडीचं ब्रेक ऑइल, डॉट-थ्री, वेगळ्या जातीचं, विमानाचं लाल तेल मिनरल, आणि आपल्या ओ-रिंगा त्या मिनरल तेलासाठी केलेल्या. गाडीचं तेल घातलं की रबर फुगतं, मऊ पडतं, ब्रेक गेले. दोन्हीला बाजारात ऑइलच म्हणतात, तीच तर गंमत आहे.

उन्हाळ्याचं वेगळंच. मे महिन्यात नागपूरकडं पारा ४६-४७ वर, धावपट्टीवर त्याहून कितीतरी जास्त, आणि या विमानाचं इंजिन हवेनं थंड होणारं. पुढून आलेली हवा इंजिनाच्या वर जमते आणि सिलिंडरच्या पाकळ्यांमधून खाली उतरते, म्हणून वरच्या बाजूला पत्र्याच्या भिंती असतात आणि त्या भिंतींच्या कडेला रबराच्या पट्ट्या, कव्हरला चिकटून बसणाऱ्या. पट्टी कडक झाली, फाटली, उलटी मुडपली की हवा सिलिंडरमधून जायचं सोडून फटीतून पळते. घरच्या कूलरचं समजा ना. खिडकीत कूलर लावला आणि बाजूच्या फटीत पुठ्ठा कोंबला नाही तर पंखा कितीही गरगर फिरो, थंडी घरात येतच नाही. आमचं निम्मं काम म्हणजे पुठ्ठा कोंबणंच, फक्त पुठ्ठ्याच्या जागी सिलिकॉन रबराची मान्यतेची शीट. फटी शोधायची युक्ती काकाजींची: रात्री हँगरातले लाइट बंद, कव्हरच्या आत एक बल्ब, आणि बाहेरून पाहायचं उजेड कुठून गळतो. अंधारात ते विमान भोकं पडलेल्या कंदिलासारखं दिसायचं. जिथून उजेड गळतो तिथून हवा गळते. नव्या पट्ट्या लावल्या की सिलिंडरचं तापमान खाली यायचं, आणि पोरं म्हणायची, काकाजी इंजिनमध्ये काय केलं? इंजिनाला कोणी हातही लावलेला नसायचा.

काचेचं थोडक्यात. ती काच नसतेच, ॲक्रेलिक असतं. भरपूर पाणी, मोकळा हात, मग मऊ कापड. पेट्रोल, थिनर, घरची खिडकी पुसायचा निळा स्प्रे, यातलं काही लावलं की बारीक तडे. एका पोरानं हौसेनं तो निळा स्प्रे मारला होता. जाऊ द्या.

चिंधीवर मात्र मला बोलायचंय, कारण मी पऱ्हाटीच्या, कापसाच्या घरातला. विमानाचं सुकाणू, शेपटी, पंखाच्या कडा हे सगळं हलतं ते स्टीलच्या बारीक केबलींनी, त्या पुलींवरून फिरतात आणि पुलीजवळच झिजतात. त्यातला एखादा तार तुटला तर डोळ्याला दिसत नाही. तपासायचं कसं, तर सुती चिंधी केबलभोवती धरायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायची. तुटलेला तार असेल तिथं चिंधी अडकते, धागा निघतो. हातानं करायचं नाही, बोट कापतं, मी कापून घेतलंय. टेरिकॉटची चिंधी कामाची नाही, ती घसरून जाते. एवढ्या महागड्या यंत्रात जीव-मरणाचा निकाल एक जुना सुती बनियान देतो, हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्या नोकरीवर खूश झाले. कापसाला भाव नव्हता त्या वर्षी.

काकाजी त्याहून जुने, ते पुष्पकवर शिकलेले. पुष्पक म्हणजे बेंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टचं विमान, १९५८ साली पहिल्यांदा उडालं, देशातल्या विमान शिकवणाऱ्या क्लबांमध्ये पोरं त्याच्यावर शिकायची. त्याच्या अंगावर पत्रा नाही, कापड. त्या जमान्याच्या विमानांना ताणून लावायचं ते जाड सुती कापड, वरून डोप नावाचा लेप, तो वाळताना कापड आवळतं आणि ढोलकीसारखं टणक होतं. त्या कापडाचंही माप होतं बरं का. ग्रेड-ए सुती कापडाची नवीन असताना इंचाच्या पट्टीला ८० पौंड ओढ सहन करायची ताकद, आणि ती ५६ च्या खाली गेली की कापड बाद, दिसायला कितीही चांगलं असो. फाटलं तर सुई-दोरा. दोऱ्याला मेण लावायचं, दोन्ही कडा आतून-बाहेर असे टाके घालत जवळ आणायच्या, वरून ठिगळ, ठिगळाच्या कडा कातऱ्या-कातऱ्या कापलेल्या म्हणजे धागे सुटत नाहीत, आणि परत डोप. माझ्या आईनं आयुष्यभर गोधड्या शिवल्या. मी काकाजींचा तो टाका वहीवर काढून तिला दाखवला. तिनं चष्मा लावून पाहिला आणि म्हणाली, "बरा हाय. पन दोरा लांब घेतला का गुतते, हे सांगतलं का नाही त्याहीनं?" सांगितलं होतं.

कुंभारमाशी विसरत होतो. पावसाळ्यात ती मातीचं घर करायला भोक शोधत असते आणि पंखाखालची पिटो नळी तिला फार आवडते. त्याच नळीतून विमानाला आपली स्पीड कळते. १९९६ साली डॉमिनिकन रिपब्लिकजवळ बोइंग ७५७ समुद्रात पडलं, १८९ माणसं गेली, आणि तपासात संशय याच जातीच्या माशीच्या घरट्यावर गेला, विमान बरेच दिवस नळी न झाकता उभं होतं म्हणून. आम्ही जुन्या रेक्झिनच्या सीट कव्हरमधून टोप्या शिवायचो, लाल फीत लावून. दर्जी दहा रुपये घ्यायचा.

आता माझं पाप सांगतो. या इंजिनाला चार सिलिंडर आणि प्लग आठ, प्रत्येक सिलिंडरला दोन. प्लग काढायचे, पेट्रोलमधल्या शिशाचे मणी साफ करायचे, गॅप फीलर गेजनं पाहायचा, खालचे वर आणि वरचे खाली लावायचे कारण खालचे जास्त माखतात, तांब्याचं वायसर नवीन, टॉर्क पान्यानं आवळायचे. आणि एक नियम: हातून पडलेला प्लग लावायचा नाही. आतलं चिनी मातीचं दांडकं तडकलेलं असू शकतं आणि बाहेरून कळत नाही. माझ्या हातून एक पडला. सिमेंटच्या फरशीवर, टण्ण आवाज. कोणी नव्हतं. उचलला, पाहिला, एक ओरखडा नाही, आणि तेव्हाच्या हिशोबानं तो प्लग म्हणजे माझा महिन्याचा डबा. मनात तोच शब्द आला. लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन १७०० आरपीएमवर, मॅग्नेटोची, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या दोन यंत्रांची तपासणी. एका मॅग्नेटोवर टाकलं की आरपीएम थोडे पडतातच, पण १२५ च्या वर पडायला नको. ते त्याच्या कितीतरी पुढं पडले आणि इंजिन खोकायला लागलं. विमान परत आणलं. काकाजींनी कोणाला काही विचारलं नाही. आठही प्लग काढून टेबलावर ओळीनं ठेवले, मीटर लावला, एकेक मोजला, आणि खराब निघालेला उचलून फक्त माझ्याकडे केला. मी म्हटलं, काकाजी, पडला होता. ते म्हणाले, "किती वाजता?" मला वाटलं शिव्या बसतील, हे काय विचारतात. तर त्यांनी लॉगबुक उघडलं, मला आदल्या दिवशीची ओळ दाखवली, प्लग साफ करून लावले, खाली त्यांची सही. "तू चार वाजता पाडला, म्या साडेचारले सही केली," एवढंच बोलले. मी आजपर्यंत इतकी जबर कानशिलात कोणाची खाल्लेली नाही.

बाबा हँगरात एकदाच आले. तुरीचे पैसे घ्यायला नागपूरला आले होते, येताना पिशवीत शेंगदाणे. टोपी काढून हातात धरली, देवळात आल्यासारखी. गावात बाबा म्हणजे सगळ्यांचे फुकटचे मिस्त्री, फवारणीच्या पंपापासून थ्रेशरपर्यंत, लोखंडी तारेचा तुकडा आणि सायकलीच्या जुन्या ट्यूबनं त्यांनी अर्धं गाव चालू ठेवलंय. आमच्या घरी एक डालड्याचा डबा आहे, त्यात फक्त सरळ केलेले जुने खिळे. वाकडा खिळा दिसला की उचलायचा, दगडावर ठेवायचा, ठोकून सरळ, डब्यात.

त्या दिवशी पंखाच्या टोकाची प्लास्टिकची टोपी खोलून ठेवली होती, तिला वीतभर चीर. मी चिरेच्या टोकाला बारीक ड्रिलनं भोक मारत होतो. चिरेचं टोक सुईसारखं असतं, सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो म्हणून ती पुढं पळते. टोकाला गोल भोक मारलं की ताण गोलाईवर वाटला जातो आणि ती थांबते. मग आतून फायबरचं ठिगळ. बाबा जवळ आले, पाहिलं आणि एकदम मोठ्यानं बोलले, "अबे हे तं मी करतो ना!" खरंच करत होते. पाण्याचा ड्रम तडकला की खिळा चुलीत लाल करून चिरेच्या टोकाला टोचायचे, मी लहानपणापासून पाहिलेलं, पण ते हे आहे असं मला चार वर्षं हँगरात काढूनही सुचलं नव्हतं. काकाजींनी त्यांना स्टूल दिलं, चहा मागवला.

मग बाबांची हिंमत वाढली. बाजूला सीटची रूळपट्टी भंगारात काढलेली होती. सीट पुढं-मागं सरकवायला जमिनीवर रूळ असतात, त्यात भोकं, आणि सीटची पिन त्या भोकात बसते. हजार वेळा पिन बसून भोक लांबट होतं. बाबांनी ती पट्टी उचलून डोळ्यासमोर धरली. "येवढ्या साठी फेकता? भोक भरून घ्या वेल्डिंगनं, कानस मारा. चालते ना."

हँगरात शांतता. मी काकाजींकडे पाहीना. पण ते बाबांशेजारी दुसरं स्टूल घेऊन बसले आणि अगदी सावकाश सांगायला लागले, "पाटील, समजा मी टेकऑफ घेऊन रायलो. नाक वर. आता ही पिन सुटली, सीट सरकली मांगं. माह्या हातात काय हाय? स्टेअरिंग. माणूस पडाले लागला का काय करते? हातात हाय ते धरते, आपल्याकडं ओढते. ओढलं का नाक आनखी वर. स्पीड गेली, इमान पडलं." अशी माणसं मेलेली आहेत. म्हणून १९८७ साली अमेरिकेच्या एफएएनं, म्हणजे तिथल्या विमान खात्यानं, सेसनाच्या या रुळांसाठी सक्तीचा आदेश काढला, भोकं मोजा, मापाबाहेर गेली की पट्टी बदला. वेल्डिंगच्या आचेनं त्या ॲल्युमिनियमचा कस जातो, भोक भरलेलं दिसतं पण पट्टी मऊ झालेली असते. बाबांनी सगळं ऐकलं. पट्टी परत जिथल्या तिथं ठेवली, मग थोड्या वेळानं विचारलं, "मंग प्लास्टिकच्या टोपीले कसं काय चालते?" काकाजी म्हणाले, "ते टोपी तुटली तं टोपी तुटते."

बाबा निघताना मी चाकाच्या नटातली स्प्लिट पिन, नट फिरू नये म्हणून घालतात ती, बदलत होतो. जुनी काढली, टाकली, नवी घातली. बाबा थांबले. चांगली होती, म्हणाले. मी म्हटलं, एकदा वाकवून सरळ केलेली परत वाकवत नाही आम्ही, तिथंच तुटते. ते काही बोलले नाहीत, एसटीत बसले आणि गेले.

यंदा पोळ्याला गेलो होतो. बाबांचं वय आता ऐंशीच्या आसपास, कोणालाच नक्की माहीत नाही. आमच्या टायरच्या बंडीचं चाक काढून ग्रीस भरणं चाललं होतं. मी ओट्यावर बसून पाहत होतो. चाक बसवलं, नट आवळला, आणि मग बाबांनी अंगातल्या बंडीच्या खिशातून कागदाची पुडी काढली, हिंगणघाटच्या हार्डवेअरवाल्याकडची, त्यात चार नव्या कोऱ्या स्प्लिट पिना. एक घातली, दोन्ही पाय नीट फाकवले, बोटानं हलवून पाहिली. मी काही बोललो नाही, बोललो असतो तर त्यांनी पिन काढून तार घातली असती.

मग त्यांनी जुनी पिन मातीतून उचलली, दगडावर ठेवली, हातोडीनं तीन टोल्यांत सरळ केली आणि डालड्याच्या डब्यात टाकली. मी पाहतोय हे त्यांना दिसलं.

"गोठ्याच्या कडीले चालते," म्हणाले.